समुद्र प्यायचा नाही, ओंजळ भरायची आहे

गेल्या पालक सभेत मी एक प्रस्ताव मांडला होता. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी दुपारी एक तास फ्रेंच संभाषणाचा असावा. त्यात परीक्षा नसावी, गुण नसावेत, व्याकरणाचा बोजाही नसावा. केवळ रोजच्या बोलण्यातील वाक्प्रचार शिकवावेत. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग हळदीची काढणी अर्धवट टाकून सेनगावकडून आलेले एक पालक उठले आणि म्हणाले, "मॅडम, लेकरायला इंग्रजीच धड येईना, अन् हे फ्रेंच कायला?" सभा हसली. मीही हसले. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जो बाप उन्हातान्हात हळद शिजवून, वाळवून, वसमतच्या बाजारात विकून लेकरांना शिकवतो, त्याला शाळेच्या प्रत्येक तासाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. सभेच्या गडबडीत मला ते उत्तर नीट देता आले नाही. ते आज या स्मरणिकेच्या पानांवर देत आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि धम्मबांधवांनीही ते ऐकावे, पटले नाही तर खोडून काढावे, ही विनंती.

प्रथम स्वतःची फजिती सांगते. इतिहासात एम.ए. करीत असताना औरंगाबादेत मी एका सायंवर्गात वर्षभर फ्रेंच शिकले. फ्रेंच राज्यक्रांतीची मूळ कागदपत्रे कधीतरी वाचावीत, ही हौस. क्रियापदांची रूपे मी घडाघडा म्हणत असे आणि परीक्षेत चांगले गुण मिळाले. पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्या शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला गेले. लेणी पाहून झाल्यावर आम्ही झाडाखाली डबे सोडले होते. शेजारी एक वृद्ध फ्रेंच जोडपे बसले होते. बाईंनी आपल्याजवळचा खाऊ मुलांना दिला, मलाही पुढे केला. माझे जेवण झाले होते. विद्यार्थ्यांसमोर आपली विद्या दाखवावी म्हणून मी मनातल्या मनात मराठीचे फ्रेंच केले आणि ऐटीत म्हणाले, "ज स्वी प्लँ." माझ्या हिशेबाने याचा अर्थ होता, 'मी भरलेली आहे', म्हणजे पोट भरले. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती खळखळून हसली. बोलीच्या फ्रेंचमध्ये या वाक्याचा अर्थ होतो, 'मी झिंगलेली आहे'!

माझा चेहरा उतरलेला पाहून त्या बाईंनी माझा हात धरला आणि सांगितले की अशा वेळी "ज ने प्ल्यू फँ" म्हणायचे, म्हणजे 'मला आता भूक नाही'. मग त्यांनी विचारले, "तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हणाले, "पोट भरलं." त्यांनी ते तीन-चार वेळा म्हणून पाहिले. 'ट' काही केल्या त्यांच्या जिभेवर येईना. आता हसण्याची पाळी आमच्या मुलांची होती. बाईही त्यांच्याबरोबर हसल्या. फिटंफाट झाली.

त्या हसण्याने मला दुसरे एक हसणे आठवले. खेड्यातून शहरातल्या वसतिगृहात प्रथम गेले तेव्हा वर्गात मी "मला लई भेव वाटतंय" असे म्हणाले होते. सारा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. हसण्यासारखीच हसणी दोन. एकाने माझे तोंड बंद केले, दुसऱ्याने उघडले. फरक कशाचा? अजिंठ्याच्या झाडाखाली आम्ही दोघी शिकणाऱ्या होतो. वर्गात मात्र एक भाषा वरची आणि एक खालची असे आधीच ठरलेले होते.

ज्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले, त्या नावातच हा धडा आहे. 'मिलिंद प्रश्न' हा ग्रंथ म्हणजे ग्रीक वंशाचा राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. चर्चेच्या आरंभीच नागसेन राजाला सांगतात की, पंडितासारखे बोलणार असशील तर बोलू, राजासारखे बोलणार असशील तर नाही. संवाद बरोबरीच्या नात्यावर उभा राहतो, हे त्यांनी राजाच्या तोंडावर सांगितले.

आपल्या शाळेतली मुले लेखी परीक्षेत मागे नाहीत. तीच मुले मुलाखतीच्या टेबलासमोर बसली की गप्प होतात. त्यांचे ज्ञान कमी पडत नाही, त्यांना बोलण्याची सवय नसते. हजारो वर्षे ज्यांना 'बोलू नको' असेच सांगितले गेले, त्यांच्या नातवंडांना बोलायला शिकवणे हे शाळेचे पहिले काम आहे. फ्रेंचचा तास मी त्यासाठीच मागते आहे. ही भाषा गावात कोणालाच येत नाही. पाटलाच्या मुलालाही नाही आणि आपल्यालाही नाही. तिथे कोणीही आधीपासून 'शुद्ध' नाही. सारे एकदम चुकणार, सारे एकदम शिकणार.

मग वाक्प्रचारच का? कारण व्याकरण भाषेचे घर दाखवते, पण वाक्प्रचार आपल्याला त्या घराच्या ओसरीवर बसवतो. आपल्याकडे भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. फ्रेंच माणसाचे पोट भुकेने टाचांत उतरते. आपला पाऊस मुसळासारख्या धारांनी पडतो. त्यांचा दोरखंडांसारखा कोसळतो. कोणी भेटायची वेळ देऊन आलेच नाही तर ते म्हणतात, त्याने 'ससा ठेवला'. कोडे सुटेना की 'माझी जीभ मांजराला दिली' म्हणून हार मानायची. उगाच उदास वाटू लागले तर 'मला झुरळ झाले आहे'. अशक्य गोष्ट कधी घडेल? 'कोंबड्यांना दात येतील तेव्हा.' गप्पा भरकटल्या की 'आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ या', म्हणजे मूळ मुद्द्याकडे वळू या. हा वाक्प्रचार पंधराव्या शतकातील एका प्रहसनातून आला आहे. यातले एकही वाक्य शब्दशः अर्थाने कळत नाही. ते ऐकावे लागते, विचारावे लागते, चुकीच्या जागी वापरून हसे करून घ्यावे लागते. हेच संभाषणाचे शिक्षण.

आणि इतिहासाची शिक्षिका म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. फ्रेंचमध्ये कंटाळवाण्या, संपता न संपणाऱ्या गोष्टीला 'भाकरीविना दिवसासारखी लांब' असे म्हणतात. मूळ शब्द अर्थात पावाचा आहे. हा वाक्प्रचार राजवाड्यात जन्मलेला नाही. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, त्यांच्या पोटातून ही भाषा आली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या माझ्या आईला मी हा वाक्प्रचार सांगितला, तेव्हा तिला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. 'कोंड्याचा मांडा' करणारी ती बाई क्षणभर थांबून म्हणाली, "म्हंजी त्यायलाबी माहीत हाय की." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने फ्रान्सचा इतिहास एका वाक्यात समजून घेतला.

आता बाबासाहेबांकडे वळू. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र क्वचित सांगतो. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. आणि त्यांबरोबर एक प्राथमिक फ्रेंचचा आणि एक प्राथमिक जर्मनचा. एवढ्या कामाच्या ओझ्याखाली वाकलेला तरुण प्राथमिक फ्रेंचच्या वर्गात बसतो, तेव्हा तो मनाशी काहीतरी ठरवून बसलेला असतो. एका भाषेचे दार तोंडावर बंद झाले, त्या माणसाने पुढे एकामागून एक भाषांची दारे स्वतः उघडली. संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. उत्तरायुष्यात पाली शब्दकोशाचे कामही हाती घेतले.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. काही जण यावरून म्हणतील, 'मग फ्रेंच कशाला?' मला वाटते, जो माणूस दोन्ही घरांत जाऊन आला आहे, त्यालाच हे ठामपणे सांगता येते.

या समतेचा रोजच्या बोलण्याशी काय संबंध, हे पाहण्यासारखे आहे. फ्रेंचमध्येही मराठीप्रमाणे 'तू' आणि 'तुम्ही' आहे. १७९३ साली क्रांतिकारकांनी आग्रह धरला की 'तुम्ही' हा शब्द सरंजामी आहे. सर्वांनी सर्वांना 'तू' म्हणावे आणि 'महाशय' ऐवजी 'नागरिक' म्हणावे. ती लाट फार टिकली नाही. आज तेथे अनोळखी माणसाला 'तुम्ही'च म्हणतात आणि ओळख वाढली की विचारतात, "ओं प स त्युत्वाये?", म्हणजे 'आपण एकमेकांना तू म्हणू या का?' दोघांची संमती असेल तरच 'तू'.

मी हा प्रश्न प्रथम शिकले तेव्हा मला माझे आजोबा आठवले. केस पांढरे झालेल्या त्या माणसाला गावातले दहा वर्षांचे पोर "ए, इकडं ये" म्हणत असे आणि आजोबा जोहार घालत. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. फ्रान्समध्ये वरच्यांना खाली आणून सर्वांना 'तू' करण्याचा मार्ग निवडला गेला. आमच्या चळवळीने खाली ढकललेल्यांना वर आणून 'तुम्ही' केले. 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला. 'जय भीम' हाही रोजच्या बोलण्यातला एक शब्दप्रयोगच आहे, पण त्यात वाकणे नाही. म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही सरळ उभे असतात. दोन समाजांनी समतेसाठी दोन वेगळे मार्ग धरले, हे विद्यार्थ्याला एका प्रश्नार्थक वाक्यातून शिकवता येते.

वाक्प्रचारांत गोडवा असतो तसे विषही असते. मराठीत 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण आहे. चांगल्याबरोबर वाईट असायचेच, हा तिचा रूढ अर्थ. आणि वाईट म्हणजे कोण, हे म्हणीने परस्पर ठरवून टाकले आहे. आमच्या पिढीने ती म्हणींच्या यादीत पाठ करून परीक्षेत गुण मिळवले आहेत! फ्रेंचमध्ये फार राबण्याला 'काळ्या गुलामासारखे राबणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार होता. आज सुजाण माणूस तो तोंडी आणत नाही. फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १७९४ साली रद्द केली, नेपोलियनने १८०२ साली ती पुन्हा लादली आणि अखेर १८४८ साली ती संपली. कायदा गेला तरी वाक्प्रचार मागे राहिला. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना अमेरिकेतील गुलामांच्या आणि येथील शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचे नाते ओळखले होते. आपल्या मुलांनीही ते ओळखावे. परक्या भाषेतले विष दिसले की आपल्या भाषेतले विषही दिसू लागते. आणि ते दिसले की बोलण्यातून काढून टाकता येते.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. गी पॉईतवाँ हे फ्रान्समध्ये जन्मलेले विद्वान पुण्यात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि २००४ साली येथेच वारले. त्यांनी हेमा राईरकर यांच्यासह जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. आज त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. प्रौढ वयात मराठी शिकलेला फ्रेंच माणूस आमच्या आया-बहिणींचे बोल जपून ठेवतो, आणि आम्हाला मात्र आमच्या आईची बोली चारचौघांत बोलायची लाज वाटते!

त्यांनीच दया पवार यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं'चे फ्रेंच भाषांतर केले. ते १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे फ्रेंच नाव 'माझे अस्पृश्याचे जीवन' अशा अर्थाचे होते. 'बलुतं' या एका शब्दात गावगाड्याची सारी रचना, वर्षभराची राबणूक आणि खळ्यावर पदर पसरणे सामावले आहे. त्याला फ्रेंचमध्ये एका शब्दाचा जोड कोठून मिळणार? भाषांतरकाराला येथे थांबून वळसा घ्यावा लागला असणार. ज्या दिवशी आपल्या शाळेतली एखादी मुलगी फ्रेंच वाचकाला 'बलुतं' म्हणजे काय हे तिच्या शब्दांत समजावून सांगेल, त्या दिवशी हा तास सार्थकी लागेल.

आता आक्षेपांची उत्तरे. 'इंग्रजी येत नाही' हा पहिला आक्षेप खरा आहे. इंग्रजीच्या तासातला एक मिनिटही मी मागत नाही. शिवाय आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही ती बहुधा भीतीमुळे. चुकण्याची भीती एका भाषेत मोडली की ती दुसरीतही मोडते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

'याने नोकरी मिळेल का?' हा दुसरा आक्षेप. शनिवारच्या एका तासाने नोकरी मिळत नाही. 'पी हळद आणि हो गोरी' असे विद्येत चालत नसते. परंतु दार कोठे आहे ते तरी कळेल. अजिंठा-वेरूळ आपल्याच मराठवाड्यात आहे आणि तेथे फ्रेंच पर्यटक येतात. परदेशी भाषांचे मोठे विद्यापीठ हैदराबादला आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत गुण सहज मिळतात म्हणून मुले फ्रेंच घेतात. आमच्या मुलांनी तो पर्याय नाकारलेला नाही, त्यांच्यापुढे तो कोणी ठेवलेलाच नाही.

बौद्धांना तर याहून मोठे कारण आहे. युरोपात पालीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एझेन ब्यूर्नूफ हे फ्रेंच पंडित होते. त्यांचा पालीवरचा निबंध १८२६ चा आणि भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना १८४४ ची. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान यांनी १९८२ साली आपले 'प्लम व्हिलेज' फ्रान्समध्येच वसवले. धम्माचे केवढे तरी साहित्य फ्रेंचमध्ये पडून आहे आणि ते वाचणारे आपल्यात किती, हे आपणच मोजावे.

तिसरा आक्षेप मातृभाषेच्या प्रेमापोटी येतो. त्याचे उत्तर मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात आहे. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात आणखी काही. आपलाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नये, असे तथागत तेथे सांगतात. त्याच तथागतांनी धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीकही दिली. आपल्या बोलीचा अभिमान आणि परक्या बोलीचा आदर या दोन गोष्टी एकाच शिकवणीतल्या आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा शिकली. त्याने त्यांची मराठी मेली नाही, उलट दोन-चार शब्दांनी श्रीमंत झाली.

माझी योजना साधी आहे. प्रत्येक मुलाने एक वही करावी. दर आठवड्याला तीन फ्रेंच वाक्प्रचार डाव्या पानावर देवनागरीत लिहावेत. सुटीत घरी गेल्यावर आई, आजी, शेतावरची माणसे त्याच प्रसंगी काय म्हणतात ते विचारून उजव्या पानावर लिहावे. वर्षाअखेरीस शंभरएक फ्रेंच वाक्प्रचार मुलांच्या जिभेवर असतील आणि हिंगोली, कळमनुरी, औंढा, वसमत, सेनगावच्या बोलीतील शंभर वाक्प्रचार कागदावर उतरलेले असतील. दुसरे पान पहिल्याइतकेच मोलाचे आहे. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना फ्रेंच येते, त्यांनी महिन्यातून एकदा दूरध्वनीवरून अर्धा तास मुलांशी बोलावे. पैशांची मागणी नाही. आवाजाची मागणी आहे.

कठीण वाटणाऱ्या कामाची भीती घालवण्यासाठी फ्रेंच माणूस म्हणतो, "स न्ये पा ला मेर आ ब्वार." समुद्र प्यायचा आहे असे थोडेच आहे! हे वाक्य मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिणार आहे. त्याच्या खाली एक तारीख लिहीन, २० मार्च १९२७. त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनीही समुद्र प्यायला नव्हता. एक ओंजळ उचलली होती. तळे सर्वांचे आहे, हे सिद्ध करायला तेवढी पुरली. भाषाही सार्वजनिक पाणवठाच आहे. सेनगावच्या त्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, दादा, तुमच्या लेकराला त्या पाणवठ्यावर ओंजळ भरू द्या. पाणी गोड आहे की नाही, ते तेच घरी येऊन तुम्हाला सांगेल.

जय भीम.